लेकरू हे ओझे नव्हे



पंचशीलातील पहिले शील आपण वंदनेच्या वेळी म्हणतो. प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याची ती प्रतिज्ञा आहे. ती म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे बकरे-कोंबडे येते, भांडणातला शेजारी येतो. स्वतःचा जीव मात्र सहसा येत नाही. आणि आपल्या घरातले पंधरा-सोळा वर्षांचे लेकरू स्वतःच्या जिवाशी कसे वागते आहे, हे तर आपण त्या प्रतिज्ञेशी जोडतच नाही. आजचा पाठ नेमका त्याविषयी आहे. मुलांचा बेफिकीर धाडसीपणा, स्वतःच्या अंगाला इजा करून घेण्याची सवय आणि आत्महत्या या तीन गोष्टी एकमेकींशी कशा जोडलेल्या आहेत, आणि ही साखळी घराला कोठे तोडता येते, हे आपल्याला समजून घ्यायचे आहे. विषय जड आहे. परंतु जड विषय घरात बोलला गेला नाही, तर तो मुलाला एकट्याला उचलावा लागतो.

दोन शहरे आणि एक साधे गणित

दहावीचा निकाल लागला की कंधार, मुखेड, देगलूर, अहमदपूर, जळकोट, निलंगा या तालुक्यांतून मुले नांदेडला आणि लातूरला येतात. सोबत पत्र्याची पेटी असते, वळकटी असते आणि घरातल्या सर्वांच्या आशा असतात. एका खोलीत तिघे-चौघे राहतात. मेसचा डबा किंवा गावाहून एस.टी.ने आलेला डबा खातात. दिवस क्लासमध्ये जातो आणि रात्र पाठांतरात. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयामुळे ‘लातूर पॅटर्न’चे नाव महाराष्ट्रभर झाले. नांदेडही आता त्याच वाटेवर मोठे केंद्र बनले आहे. या दोन शहरांनी शेतमजुरांच्या, वीटभट्टीवर राबणाऱ्यांच्या मुलांना डॉक्टर आणि इंजिनिअर केले, हे कोणी नाकारू नये. शिक्षण हाच आपल्या उद्धाराचा मार्ग आहे, ही बाबासाहेबांची शिकवण आपण सोडणार नाही.

पण हिशोब पुरा मांडला पाहिजे. वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ ही परीक्षा ७२० गुणांची असते. २०२४ साली ती २३ लाखांहून अधिक मुलांनी दिली. त्या वेळी देशात एम.बी.बी.एस.च्या जागा लाखाच्या थोड्या वर होत्या. म्हणजे वीस मुलांमागे एकाला जागा मिळते, आणि त्यातल्याही अर्ध्याअधिक जागाच सरकारी महाविद्यालयांत, गरिबाला परवडतील अशा असतात. ज्या परीक्षेत वीसातल्या एकोणीस मुलांना जागा मिळणारच नाही, तेथे जागा न मिळणे हा मुलाचा अपराध कसा ठरेल? हे साधे गणित फारच थोड्या घरांत मांडले जाते. मूल मात्र अपराध्यासारखी मान खाली घालून गावी येते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ सालच्या अहवालानुसार त्या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यातले १,७६४ महाराष्ट्रातले होते. कोणत्याही दुसऱ्या राज्यापेक्षा अधिक. त्याच अहवालात परीक्षेतील अपयश हे कारण २,२४८ मृत्यूंपुढे लिहिलेले आहे. या दोन आकड्यांतला फरक पाहा. सगळे खापर परीक्षेवर फोडून चालणार नाही. परीक्षा ही वरून दिसणारी गोष्ट आहे. तिच्याखाली आणखी काही असते, आणि कोणत्याही मृत्यूला एकच एक कारण नसते.

अडनिड्या वयाचे मन

प्रथम या वयाचा स्वभाव समजून घेऊ. आनंदाची, नवलाईची, वाहवा मिळविण्याची ओढ निर्माण करणारा मेंदूचा भाग बारा-तेराव्या वर्षापासूनच जोरात काम करू लागतो. थांब, विचार कर, पुढचे पाहा, असे सांगणारा कपाळामागचा भाग मात्र पंचविशीपर्यंत हळूहळू पक्का होत जातो. गाडी वेगात आहे आणि ब्रेक अजून बसवायचे आहेत, अशी ही अवस्था असते. यात मुलाचा दोष नाही आणि आईबापाच्या संस्कारांचाही नाही.

अमेरिकेतील मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे उपयोगी आहे. त्यांनी कुमारवयीन मुले, तरुण आणि प्रौढ माणसे यांना पडद्यावर मोटार चालविण्याचा खेळ खेळायला दिला. काहींना एकट्याने आणि काहींना सोबत्यांच्या समोर. सोबती पाहत असताना कुमारवयीन मुलांनी कितीतरी जास्त धोका पत्करला. प्रौढांमध्ये तसा फरक पडला नाही. एकटा असताना शहाण्यासारखा वागणारा आपला मुलगा मित्रांसोबत तीन जण बसवून मोटारसायकल का पळवतो, पूर आलेल्या गोदावरीत उडी मारण्याची पैज का लावतो, याचे उत्तर यात आहे.

म्हणून धाडस दिसले की लगेच मारझोड करू नका. हीच ऊर्जा मुलाला गाव सोडून परक्या शहरात शिकायला नेते. आपल्या आजोबा-पणजोबांनी गावकीची कामे नाकारली, तेव्हा त्यांनीही धोकाच पत्करला होता. परंतु त्या धाडसाला हेतू होता आणि जगण्याची ओढ होती. एखादे मूल ‘मला काही झाले तर झाले’ असे म्हणत धोका पत्करू लागले, दारू-गुटखा, मोबाईलवरचा जुगार, जीवघेणा वेग या गोष्टी एकापाठोपाठ एक येऊ लागल्या, तर ते धाडस राहत नाही. त्या मुलाला स्वतःच्या जिवाची किंमत वाटेनाशी झाली आहे, असे समजावे आणि त्याच्याजवळ बसावे.

मुलीच्या बाबतीत हे वेगळ्या रूपाने दिसते. तिला बाहेर धाडस करण्याची मोकळीक आपण देतच नाही. दहावीनंतर शाळा बंद, हातातला मोबाईल काढून घेतलेला, लग्नाची बोलणी सुरू. तिची घुसमट आत वळते. म्हणून ‘आमची मुलगी गुणाची आहे, तिची काही तक्रार नाही’ एवढ्यावर समाधान मानू नका.

तीन धागे

आता मुख्य प्रश्न. बेफिकिरी आणि इजा यांचा आत्महत्येशी संबंध कसा? थॉमस जॉइनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने २००५ साली याविषयी एक विचार मांडला, त्याचा जगभर अभ्यास झाला. सगळे प्रश्न त्याने सुटतात असे नाही. पण आपल्या घरांना तो फार उपयोगाचा आहे. त्याच्या मते तीन धागे एकत्र आले की पीळ पडतो.

पहिला धागा : ‘मी कोणाचा नाही.’ माणसाला आपले म्हणणारे कोणी हवे असते. खेड्यातून आलेले मूल शहरातल्या खोलीत आधीच एकटे असते. त्यात आडनाव विचारून खोली नाकारली जाते, मेसमध्ये कोणी ताट सरकवते, सवलतीवरून टोमणे मारले जातात. हा एकटेपणा मुलाच्या मनाचा दुबळेपणा नव्हे. तो बाहेरून लादलेला असतो. नव्याने धम्म स्वीकारलेल्या घरातल्या मुलाची तर दोन्हीकडून ओढाताण होते. जुने नातेवाईक जत्रेला, कंदुरीला बोलावीत नाहीत किंवा आला नाही म्हणून रागावतात, आणि नव्या समाजात अजून पुरती ओळख झालेली नसते. हे कोणाला सांगावे, हेही त्याला कळत नाही.

दुसरा धागा : ‘मी ओझे आहे.’ ‘तुझ्यासाठी रान गहाण टाकले.’ ‘तुझ्या फीपायी बहिणीचे लग्न थांबले.’ ‘तुझ्यापायी आम्ही उसाला जातो.’ ही वाक्ये आपण मुलाने जिद्दीने अभ्यास करावा म्हणून बोलतो. आपला हेतू चांगला असतो. पण चाचणीत गुण कमी पडलेल्या मुलाच्या कानात त्यांचा अर्थ बदलतो. मी नसतो तर घर सुखी असते, असे ते मनात मांडू लागते. हा हिशोब सर्वस्वी खोटा असतो. मूल गेलेल्या घराचे कोणतेही कर्ज हलके होत नाही. पण अंधारात बसलेल्या मुलाला तो खरा वाटतो, आणि तो खोटा आहे हे त्याला आईबापांशिवाय कोणी पटवून देऊ शकत नाही.

तिसरा धागा : भीती झिजणे. प्रत्येक जिवाला मरणाची आणि वेदनेची उपजत भीती असते. ती आपली राखणदार आहे. पुन्हा पुन्हा स्वतःला इजा करून घेतल्याने, पुन्हा पुन्हा जिवावरचे खेळ खेळल्याने, मार खाण्याची सवय झाल्याने ही राखणदार भीती हळूहळू झिजते. बेफिकीर धाडस, इजा आणि आत्महत्या यांना जोडणारा धागा हाच आहे. नुसती भीती झिजली म्हणून कोणी मरत नाही. पण पहिले दोन धागे असताना तिसरा येऊन मिळाला, तर संकट दाराशी आले असे समजावे.

यातून आपल्याला काय करायचे ते कळते. तिसरा धागा आपल्याला डोळ्यांनी दिसू शकतो. ती धोक्याची खूण आहे. पहिले दोन धागे आपल्या शब्दांनी तुटू शकतात. ते आपल्या हातातले काम आहे.

अंगावरची जखम म्हणजे नाटक नव्हे

काही मुले-मुली मनातला असह्य ताण उतरविण्यासाठी स्वतःच्या अंगाला इजा करून घेतात. त्यातील बहुतेकांना त्या वेळी मरायचे नसते. आतले दुःख थोडा वेळ थांबावे एवढेच हवे असते. मग ती उन्हाळ्यातही पुऱ्या बाह्यांचे कपडे घालतात, विचारले तर मांजराने ओरबाडले म्हणून सांगतात. घरच्यांना कळले की दोन प्रकारची बोलणी सुरू होतात. एक, ‘नाटक करतो आहे, लक्ष वेधून घेतो आहे.’ दुसरे, ‘बाहेरचे लागले आहे.’

पहिल्याचे उत्तर सोपे आहे. लेकराला लक्ष हवे असेल, तर लक्ष द्यावे. त्याने आपले काय जाते? ज्याने एकदा स्वतःला इजा केली, त्याला पुढे आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा कित्येक पटींनी अधिक असतो, हे देशोदेशींच्या अभ्यासांतून दिसले आहे. म्हणून जखम किती खोल आहे यावर दुःखाचे माप काढू नका.

पण धीरही सोडू नका. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात सुमारे १,८०० मुलांचा कुमारवयापासून तरुणपणापर्यंत माग ठेवला गेला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले की, कुमारवयात स्वतःला इजा करणाऱ्या दहांपैकी नऊ जणांची ती सवय तरुणपणापर्यंत सुटली होती. ज्यांना त्या वयात मनाची उदासी आणि घोर होता, त्यांच्याकडे मात्र नीट उपचाराने पाहण्याची गरज होती. म्हणजे बहुतेक मुले यातून बाहेर पडतात. त्यांना त्या काळात हात धरणारे माणूस हवे.

दुसऱ्या बोलण्याविषयी नवदीक्षित कुटुंबांना विशेष सांगायचे आहे. तुम्ही देवऋषी सोडला, अंगारे-धुपारे सोडले, हे मोठे धैर्य आहे. पण ती जागा मोकळी ठेवू नका. संकटाच्या रात्री मोकळ्या जागेत जुनी भीतीच परत येते, आणि एखादी मावशी-आत्या मुलाला परसदारी घेऊन जाते. मनाचे दुखणे हे तापासारखेच दुखणे आहे. त्याला कारणे आहेत आणि उपाय आहेत. दुःखाला कारण असते हे तर आपल्या धम्माचे पहिले शास्त्र आहे. देवऋषीच्या जागी डॉक्टर, समुपदेशक आणि विहारातले विश्वासाचे माणूस यांना आणा.

शांत मुलाकडेही पाहा

दंगेखोर मुलाकडे सर्वांचे लक्ष जाते. शांत मुलाचे काय? युरोपातील ११ देशांतल्या १२,३९५ शाळकरी मुलांचा एक मोठा अभ्यास झाला. २०१४ साली त्याचे निष्कर्ष आले. दारू, नशा, शाळा बुडविणे अशा उघड धोक्यांची सुमारे १३ टक्के मुले निघाली, तशी अपेक्षा होतीच. पण आणखी २९ टक्के मुलांचा एक गट सापडला, ज्याच्याकडे कोणाचेच लक्ष नव्हते. ही मुले दारू पीत नव्हती, भांडत नव्हती. ती कमी झोपत होती, अंगमेहनत-खेळ जवळजवळ करीत नव्हती आणि तासन्‌तास पडद्यासमोर बसून राहत होती. आत्महत्येचे विचार आणि उदासी यांचे प्रमाण या शांत मुलांत उघड धोक्याच्या मुलांइतकेच होते.

आता लातूरच्या ट्यूशन एरियातली किंवा नांदेडच्या भाग्यनगरातली एखादी खोली आठवा. तेथले मूल पाच तास झोपते, वर्षभर मैदान पाहत नाही आणि उरलेला वेळ चादरीखाली मोबाईल पाहते. त्याला आपण ‘अभ्यासू आहे, कोणाच्या अध्यात ना मध्यात’ असे कौतुकाने म्हणतो. झोप आणि खेळ हे अभ्यासातून चोरलेले तास नव्हेत, हे आपणच मुलाला सांगितले पाहिजे.

तथागतांनी काय केले

या प्रश्नाला बुद्धांच्या संघालाही तोंड द्यावे लागले होते, हे अनेकांना ठाऊक नसते. विनयपिटकात आणि संयुत्तनिकायात ती हकीकत आहे. भगवान वैशालीच्या महावनात राहत होते. त्यांनी भिक्खूंना देहाच्या अशुभतेवर ध्यान करण्यास सांगितले आणि स्वतः पंधरा दिवस एकांतात गेले. त्या काळात कित्येक भिक्खूंना स्वतःच्या देहाचा तिटकारा आला आणि त्यांनी आपल्या जिवाचा अंत करविला. परत आल्यावर भगवानांनी आनंदाला विचारले, भिक्खुसंघ असा विरळ का दिसतो? आनंदाने झालेला प्रकार सांगितला आणि दुसरी साधना शिकविण्याची विनंती केली. तेव्हा तथागतांनी सर्वांना एकत्र जमविले आणि श्वासाकडे शांतपणे लक्ष देण्याची आनापानसति शिकविली.

या हकीकतीत आपल्याला चार गोष्टी दिसतात. संघ विरळ झाल्याचे भगवानांच्या लक्षात आले आणि त्यांनी विचारले. आनंदाने गोष्ट दडवली नाही. दुसरा मार्ग मागितला. भगवानांनी सर्वांना जवळ बोलावून शिकवणच बदलली. आणि चौथी, त्यांनी नियम घालून दिला की कोणीही दुसऱ्याचा जीव घेऊ नये आणि कोणापुढे मरणाची स्तुतीही करू नये. तो नियम इतका कडक आहे की तो मोडणारा भिक्खू राहतच नाही. म्हणून एखाद्या मृत मुलाला ‘सुटला’ म्हणणे, त्याच्या मरणाचे शौर्य गाणे, मोबाईलवर त्याचे चित्र फिरविणे हे आपण करू नये. तशाच दुःखात असलेले दुसरे लेकरू ते पाहत असते.

आणखी एक. सिद्धार्थ गौतमाने सहा वर्षे देहाला छळून पाहिले, आणि त्याने दुःख संपत नाही हे ओळखून ती वाट सोडली. दुसऱ्याने दिलेले अन्न स्वीकारले. स्वतःला छळणाऱ्या मुलाला ही गोष्ट सांगा. पण उपदेश म्हणून नव्हे, त्याच्या शेजारी बसून जेवता जेवता सांगा.

घराने करायच्या सहा गोष्टी

१) सरळ विचारा. ‘तुला जगणे नकोसे वाटते का? जीव देण्याचे विचार मनात येतात का?’ असे नाव घेऊन विचारा. विचारल्याने नसते खूळ डोक्यात शिरेल, ही भीती खरी नाही. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात सुमारे २,३०० विद्यार्थ्यांवर हे पडताळून पाहिले, तो अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना असे प्रश्न विचारले, त्यांच्यात विचार वाढले नाहीत. उलट आधीच दुःखात असलेल्या मुलांना किंचित हलके वाटले.

२) आधी ऐका. ‘आम्ही किती सोसले’ ही कथा त्या वेळी सांगू नका. मूल बोलत असताना रडले तर रडू द्या. शेवटी एवढेच म्हणा, ‘तू आम्हाला नीटपेक्षा, पैशापेक्षा, रानापेक्षा हवा आहेस.’ आपल्याकडे बाप असे बोलत नाही. आजपासून बोलावे.

३) घातक वस्तू घरात ठेवू नका. असह्य लाट बहुधा थोड्या वेळाची असते. ती ओसरेपर्यंत हाताशी काही नसेल तर जीव वाचतो. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली, आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण निम्म्याहून पुष्कळ खाली आले. त्याच देशात खेड्यांत घरोघर कुलपाच्या पेट्याही वाटून पाहिल्या. त्यांनी मात्र फरक पडला नाही. म्हणून फवारणीचे औषध लागेल तेव्हा लागेल तेवढेच आणा, साठा घरात नको. घरातल्या गोळ्याही मोठ्या माणसाच्या ताब्यात असू द्या. मूल फार अस्वस्थ असेल तर त्याला रात्री एकटे सोडू नका.

४) डॉक्टरकडे न्या. नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था येथील रुग्णालयांत मनोविकाराचे डॉक्टर असतात. सरकारी दवाखान्यांत कुमारवयीनांसाठी ‘मैत्री’ नावाचे केंद्र चालते. त्याची चौकशी करा. शासनाची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य आहे आणि मराठीतून बोलता येते. मुलांसाठी १०९८ हा क्रमांकही आहे. हे दोन क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा, आणि मुलाच्या पेटीच्या झाकणावरही लिहा. पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला तीव्र ताणाखालचा रुग्ण मानले आहे, आणि जुन्या दंडसंहितेचे कलम ३०९ हे १ जुलै २०२४ पासून राहिलेले नाही.

५) क्लासला जाब विचारा. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी शाळा, महाविद्यालये, वसतिगृहे आणि क्लासेस यांना मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तेथे प्रशिक्षित समुपदेशक असावा, गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडू नयेत, चारचौघांत अपमान करू नये, असे त्यांत आहे. फी भरताना हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. जातीवरून छळ होत असेल तर मुलाला ‘सोस’ म्हणू नका. त्याच्या बाजूने उभे राहा, लेखी तक्रार करा. रोहित वेमुला आणि डॉ. पायल तडवी यांच्या माता, राधिका वेमुला आणि आबेदा तडवी यांनी २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, ती दुसऱ्यांच्या लेकरांसाठी. लढायचे ते असे जिवंत राहून, एकमेकांच्या सोबतीने.

६) दुसरी वाट आधीच सांगा. निकालाच्या दिवशी नव्हे, प्रवेशाच्या दिवशीच सांगा की डॉक्टरकी ही एक वाट आहे. परिचर्या, औषधनिर्माण, कृषी, शिक्षण, कायदा, आय.टी.आय. अशा दहा वाटा आहेत. दहावीत अनुत्तीर्ण झालेल्यांसाठी आपल्या राज्यात २०१५ पासून निकालानंतर लगेच पुरवणी परीक्षा सुरू झाली. वर्ष वाया जाते म्हणून आयुष्य वाया जात नाही. बडोद्यात राहायला जागा न मिळाल्याने बाबासाहेब रडले होते. त्यांनी ते पुढे स्वतः लिहून ठेवले, लपविले नाही. रडणे ही हार नसते, हे मुलाला या गोष्टीवरून सांगा.

विहारात चर्चेसाठी

हा पाठ येत्या रविवारी विहारात वाचावा आणि पुढील प्रश्नांवर मोकळेपणाने बोलावे. शक्य तर मुलांनाही बसवावे, आणि त्यांना आधी बोलू द्यावे.

१) आपल्या घरातली कोणती वाक्ये मुलाला ओझे असल्याची जाणीव करून देतात? त्याऐवजी काय म्हणता येईल?

२) आपल्या वस्तीतली किती मुले नांदेड-लातूरला खोली करून राहतात? त्यांना महिन्यातून एकदा भेटायला कोण जाईल?

३) दर आठवड्याच्या फोनवर गुणांशिवाय दुसरे काय विचारता येईल?

४) रात्री-अपरात्री संकट आले तर मुलाने वस्तीतल्या कोणाचे दार वाजवावे? ते नाव आजच ठरवा आणि सर्व मुलांना सांगा.

उपासक-उपासिकांनो, चौथ्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय रविवारची सभा उठवू नका. आणि हा अंक मुलाच्या हाती पडला, त्याने तो वाचला, तर त्याला उद्देशून एवढेच : बाळा, तुला आत्ता फार जड वाटत असेल, तर हे पान मिटून आईजवळ, ताईजवळ, खोलीतल्या सोबत्याजवळ जा आणि ‘मला बरे वाटत नाही, माझ्याजवळ बस’ असे सांग. कोणी जवळ नसेल तर १४४१६ ला फोन लाव. तू कोणाच्याही डोक्यावरचे ओझे नाहीस.

जयभीम.